जलाशयावरील यांत्रिक नौका : गिअरपेटीतील तेलाची निगा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा उल्लेख निघाला की सहकारी साखर कारखाने, ज्वारीची शिवारे आणि अवर्षणप्रवण तालुके डोळ्यांसमोर उभे राहतात. या जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे यांत्रिक नौका आणि तिची देखभाल हा विषय येथे काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. परंतु धरणांच्या उभारणीमुळे गेल्या शंभर वर्षांत या जिल्ह्याच्या भूगोलात मोठा पालट झाला आहे. जेथे पूर्वी पावसाळ्यापुरती नदी वाहत असे, तेथे आज बारमाही जलाशय पसरले आहेत. या जलाशयांवर मासेमारी चालते, पर्यटक येतात, अधिकारी पाहणी करतात आणि पूर आल्यास बचाव पथकांना पाण्यात उतरावे लागते.

या सर्व कामांत यांत्रिक नौकेचा उपयोग होतो. नौकेच्या इंजिनाकडे सर्वांचे लक्ष असते. डिझेल संपले किंवा इंजिन सुरू झाले नाही तर ते लगेच कळते. इंजिन आणि पंखा यांना जोडणारी गिअरपेटी मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. तिच्यातील तेल ठरल्या वेळी बदलणे हे अर्ध्या-पाऊण तासाचे, अल्प खर्चाचे काम आहे. ते टाळल्यास नौका नेमक्या अडचणीच्या क्षणी नावाड्याच्या हाताबाहेर जाऊ शकते. आणि ते निष्काळजीपणे केल्यास ज्या पाण्यावर नौका चालते तेच पाणी दूषित होते. म्हणून हे काम केव्हा, कसे व कोणत्या दक्षतेने करावे याची माहिती संबंधित सर्वांना असणे अगत्याचे आहे.

जिल्ह्यातील जलक्षेत्र

अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर बांधलेले भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या मागील जलाशय आर्थर लेक या नावाने पर्यटकांना परिचित आहे. याच नदीवर खालच्या बाजूस निळवंडे धरण उभे राहिले. राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथील मुळा धरणाच्या जलाशयास ज्ञानेश्वरसागर असे नाव असून त्याची साठवणक्षमता २६ अब्ज घनफूट आहे. पैठण येथील जायकवाडी धरणाचे लोकार्पण १९७६ मध्ये झाले. धरण शेजारच्या जिल्ह्यात असले, तरी त्याच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा शेवगाव व नेवासे तालुक्यांत पसरला आहे. दक्षिणेकडे भीमेच्या काठी कर्जत तालुक्याला उजनीच्या फुगवट्याचे सान्निध्य आहे. अष्टविनायकांपैकी सिद्धटेक येथे पूल होण्यापूर्वी भाविक नावेतूनच भीमा ओलांडीत असत.

या विस्तीर्ण पाण्याचे स्वरूप सदैव शांत नसते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगाव व कळाशी या गावांदरम्यान प्रवासी नेणारी नौका वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरेच्या पात्रात बुडालेल्यांचा शोध घेत असताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची नौका उलटली आणि दलाचे तीन जवान कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडले. या दुर्घटनांची कारणे वारा व प्रवाह यांच्याशी निगडित होती. गिअरपेटीशी त्यांचा संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. तथापि वारा किंवा प्रवाह प्रतिकूल झाल्यावर नावाड्याच्या हाती किती थोडा वेळ असतो, हे त्यांवरून स्पष्ट होते. त्या थोड्या वेळात नौका पुढे घेण्याची व मागे वळविण्याची शक्ती निश्चितपणे उपलब्ध असली पाहिजे. ती देणे हेच गिअरपेटीचे काम होय.

गिअरपेटीचे कार्य

यांत्रिक नौकांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात इंजिन नौकेच्या पोटात पक्के बसविलेले असते. त्याला इनबोर्ड इंजिन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात इंजिन नौकेच्या मागील फळीवर बाहेरून अडकविलेले असते. त्यास आऊटबोर्ड म्हणतात. मोठ्या प्रवासी व पाहणी नौकांत पहिला प्रकार, तर हवा भरून फुगविण्याच्या बचाव नौकांत व लहान होड्यांत दुसरा प्रकार सामान्यतः आढळतो.

इनबोर्ड नौकेत इंजिनाच्या मागील बाजूस गिअरपेटी बसविलेली असते. तिच्यातून निघणारा दांडा नौकेच्या तळातून पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. गिअरपेटी तीन कामे करते. पहिले, पंखा पुढे फिरविणे, थांबविणे वा उलटा फिरविणे. नौकेला मोटारीसारखा ब्रेक नसतो. तिचा वेग रोखावयाचा तर पंखा उलट दिशेनेच फिरवावा लागतो. दुसरे काम म्हणजे वेग कमी करणे. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे करीत असेल आणि गिअरचे प्रमाण दोनास एक असेल, तर पंखा एक हजार फेरे करतो व पाण्याला अधिक कार्यक्षमतेने मागे रेटतो. तिसरे काम सहसा ध्यानात येत नाही. पंखा पाणी मागे लोटतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया म्हणून दांडा पुढे रेटला जातो. नौकेला पुढे नेणारा हा रेटा बहुतेक नौकांत गिअरपेटीतील बेअरिंगच पेलतात.

ट्रॅक्टरच्या गिअरपेटीशी आपल्या शेतकरी बांधवांचा चांगला परिचय आहे. मूलतत्त्व तेच असले, तरी परिस्थितीत एक महत्त्वाचा भेद आहे. ट्रॅक्टरचा गिअर निकामी झाला तर ट्रॅक्टर शेतात उभा राहतो. नौकेचा गिअर निकामी झाला तर नौका उभी राहत नाही; वारा व प्रवाह नेईल तिकडे ती वाहू लागते. सांडव्याच्या दिशेने ओढ असलेल्या पाण्यात याचा अर्थ काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तेल का खराब होते

गिअरपेटीतील तेल दातांमध्ये पातळ थर निर्माण करून त्यांची झीज थांबविते, घर्षणाची उष्णता वाहून नेते आणि लोखंडी भाग गंजण्यापासून वाचविते. ज्या गिअरपेटीत क्लचच्या चकत्या तेलाच्या दाबाने एकमेकींवर दाबल्या जातात, तेथे तेच तेल शक्ती पोहोचविण्याचेही माध्यम असते. अशा पेटीत तेल कमी पडले किंवा पातळ झाले की दाब घटतो, चकत्या घसरतात, घसरल्याने तापतात आणि तापल्याने तेल आणखी बिघडते. हे चक्र एकदा सुरू झाले की क्लच जळण्यास फार काळ लागत नाही.

तेल खराब होण्याची मुख्य कारणे तीन आहेत. सततच्या उष्णतेने त्याचे रासायनिक विघटन होते. चकत्यांची व दातांची बारीक झीज त्यात मिसळत राहते. तिसरे व सर्वात घातक कारण म्हणजे पाण्याचा शिरकाव. अनेक नौकांत तेल थंड करण्यासाठी बाहेरील पाणी बारीक नळ्यांतून खेळविलेले असते. या शीतकाची एखादी नळी फुटली तर पाणी तेलात उतरते. नौकेच्या तळात साचलेले पाणी वेळेवर उपसले नाही व ते गिअरपेटीच्या सीलपर्यंत चढले, तरी हाच परिणाम होतो. दिवसा तापणाऱ्या व रात्री थंड होणाऱ्या पेटीत हवेतील बाष्पही पाण्याच्या रूपाने साठते.

समुद्रातील नौकांना खारे पाणी छळते. आपल्या जलाशयांत तो त्रास नाही. मात्र येथे गाळाचा प्रश्न आहे. पावसाळ्यात नद्यांबरोबर येणारे गढूळ पाणी शीतकाच्या नळ्यांत गाळाचा थर जमविते. त्यामुळे तेल पुरेसे थंड होत नाही व त्याचे आयुष्य कमी होते. म्हणून गढूळ पाण्यात चालणाऱ्या नौकेच्या तेलाकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे.

कोणते तेल वापरावे

या प्रश्नाचे एकच उत्तर सर्व नौकांना लागू पडत नाही. काही गिअरपेट्यांना इंजिनासाठी वापरले जाणारे ३० किंवा ४० क्रमांकाचे तेल लागते, तर काहींना स्वयंचलित मोटारींच्या गिअरसाठी असलेले, बहुधा लाल रंगाचे, पातळ तेल लागते. गिअरपेटीच्या निर्मात्याने पुस्तिकेत किंवा पेटीवरील धातूच्या पट्टीवर जे तेल नमूद केले असेल तेच वापरावे. पुस्तिका हरवली असल्यास पेटीवरील प्रकार व क्रमांक टिपून विक्रेत्याकडून लेखी माहिती मागवावी.

येथे एक सर्रास होणारी चूक निदर्शनास आणणे आवश्यक आहे. ‘गिअर ऑईल’ म्हणून ट्रकच्या मागील धुरीत घालावयाचे घट्ट तेल नौकेच्या गिअरपेटीत ओतले जाते. या तेलात अतिदाब सहन करण्यासाठी जी द्रव्ये मिसळलेली असतात, ती क्लचच्या चकत्यांची पकड बिघडवू शकतात व काही प्रकारची द्रव्ये पितळ वा कांसे यांच्या भागांना अपाय करतात. निर्मात्याने तसे स्पष्ट सांगितले नसेल, तर असे तेल वापरू नये. दोन निराळ्या जातींची तेलेही एकत्र करू नयेत. पहिले कोणते होते हे माहीत नसेल तर थोडे तेल वरून भरण्यापेक्षा सर्व तेल बदलणे श्रेयस्कर होय.

तेल केव्हा बदलावे

नवीन किंवा नुकत्याच दुरुस्त केलेल्या गिअरपेटीचे तेल पहिल्या २५ ते ५० तासांच्या वापरानंतर बदलावे, असे बहुतेक निर्माते सांगतात. कारण सुरुवातीच्या काळात नव्या दातांची झीज अधिक होते. त्यानंतरची मुदत पेटीच्या प्रकारानुसार वेगवेगळी असते. पुस्तिका उपलब्ध नसताना दर २०० तासांनी, आणि तेवढा वापर झाला नसला तरी वर्षातून एकदा, हा नियम सुरक्षित समजावा.

‘वर्षातून एकदा’ या शब्दांकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. आपल्या जलाशयांवरील अनेक नौका हंगामी असतात आणि बचाव नौका तर वर्षातील बहुतांश दिवस छपराखाली पडून असतात. नौका वापरली नाही, मग तेल कशाला बदलावयाचे, असा विचार स्वाभाविक आहे. पण तो योग्य नाही. उभ्या नौकेच्या तेलातील पाणी तळाशी उतरते व बेअरिंगला गंज चढवीत राहते. आपल्या जिल्ह्यात मे महिन्याचा उत्तरार्ध या कामासाठी सर्वात सोयीचा आहे. पाणी खाली गेलेले असते, वर्दळ कमी असते आणि मान्सूनपूर्व तयारीच्या बैठका त्याच सुमारास होतात. त्या तयारीच्या तपासणी-सूचीत ‘गिअरपेटीचे तेल बदलल्याचा दिनांक’ हा एक रकाना असावा.

ठरलेली मुदत भरण्यापूर्वीही पुढील लक्षणे दिसताच तपासणी करावी : गिअर टाकल्यावर पंखा फिरू लागण्यास विलंब होणे, इंजिनाचा वेग वाढूनही नौकेचा वेग न वाढणे, पेटीतून घरघर वा कर्कश आवाज येणे, पेटी नेहमीपेक्षा अधिक तापणे, तळातील पाण्यावर तेलाचा तवंग दिसणे. गिअर ओढणारी तार सैल असल्यासही क्लच घसरतो. म्हणून तेलाबरोबर तारेचा ताणही तपासावा.

तेल बदलण्याची पद्धत

इनबोर्ड नौकेच्या गिअरपेटीखाली भांडे ठेवण्याइतकी जागा क्वचितच असते. म्हणून तेल खालून सोडण्याऐवजी वरून पंपाने उपसण्याची रीत रूढ आहे. लागणारी साधने साधी आहेत : योग्य मापाचे पाने, हातपंप व बारीक नळी, मापाचे भांडे, स्वच्छ नरसाळे, झाकणाचा रिकामा कॅन, कापडाच्या चिंध्या, नवे तेल, नवा फिल्टर आणि नवे वायसर.

१. नौका काठाला पुढून-मागून दोरांनी पक्की बांधावी. इंजिन सुरू करून पाच-दहा मिनिटे संथ चालवावे, म्हणजे तेल कोमट व पातळ होऊन तळचा गाळ त्यात मिसळेल. तेल अतिशय तापू देऊ नये. हात भाजण्याचा धोका असतो.

२. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी व बॅटरीची जोडणी सोडवावी. कोणी चुकून इंजिन सुरू केल्यास फिरणाऱ्या दांड्यात कपडा वा बोट अडकू शकते.

३. पेटीखाली चिंध्या व पसरट थाळी ठेवावी. तळातील पाणी आपोआप उपसणारा पंप असल्यास तो बंद ठेवावा. नाहीतर सांडलेले तेल तो थेट जलाशयात फेकील.

४. तेलाची पातळी दाखविणाऱ्या डिपस्टिकभोवतीची धूळ पुसावी व नंतरच ती काढावी. त्या छिद्रातून नळी तळापर्यंत सोडून सर्व तेल मापाच्या भांड्यात उपसावे. किती तेल निघाले ते लिहून ठेवावे.

५. पेटीला जाळी असल्यास ती काढून केरोसीनने धुवावी व पूर्ण कोरडी करावी. फिल्टर असल्यास नवा बसवावा. जाळीत अडकलेले कण फेकण्यापूर्वी पाहावेत. तळाचा नट उघडला असल्यास नवा वायसर घालून तो बसवावा. अतिजोर लावून आटे खराब करू नयेत.

६. जेवढे तेल निघाले त्यापेक्षा किंचित कमी नवे तेल नरसाळ्याने सावकाश भरावे. थोडे थांबून डिपस्टिकने पातळी पाहावी. काही पेट्यांत डिपस्टिक आट्यांत पूर्ण फिरवून, तर काहींत नुसती टेकवून पातळी पाहतात. काहींत इंजिन बंद असताना, तर काहींत ते चालवून बंद केल्याबरोबर पातळी पाहावी लागते. आपल्या पेटीची पद्धत पुस्तिकेतून जाणून घेऊन ती इंजिनाजवळ रंगाने लिहून ठेवावी.

७. बॅटरी जोडून इंजिन संथ वेगाने सुरू करावे. नौका बांधलेली असतानाच गिअर पुढे, मध्ये, मागे असा काही क्षण टाकून पाहावा, म्हणजे तेल शीतकात व नळ्यांत भरते. नंतर पुन्हा पातळी पाहून कमी असल्यास तेल घालावे. पातळी वरच्या खुणेपलीकडे जाऊ देऊ नये. जास्त तेल दातांनी घुसळले जाऊन फेसाळते आणि फेसाळलेले तेल ना थंड करते, ना दाब देते.

८. शेवटी सर्व जोड कोरड्या कापडाने पुसून पाच मिनिटांनी गळती तपासावी. दिनांक, इंजिनाचे एकूण तास, तेलाची जात व परिमाण नोंदवहीत लिहून काम करणाराने सही करावी.

जुने तेल काय सांगते

उपसलेले तेल लगेच कॅनमध्ये ओतू नये. पारदर्शक बाटलीत थोडे घेऊन उजेडात पाहावे. ते गिअरपेटीच्या प्रकृतीचा अहवालच देत असते. रंग थोडा गडद पण तेल स्वच्छ असेल तर काळजीचे कारण नाही. काळपट रंग व जळका वास क्लच घसरत असल्याचे सुचवितो. तेलात चमकणारे बारीक कण थोडे असल्यास पुढील बदल लवकर करावा. हाताला लागतील असे धातूचे तुकडे असल्यास नौका वापरातून काढून पेटी उघडून पाहिली पाहिजे.

तेल दुधाळ, दह्याच्या निवळीसारखे दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. शंका असल्यास काठावर, इंधनापासून दूर, तापलेल्या लोखंडी पत्र्यावर एक थेंब टाकून पाहावा. तडतड आवाज झाल्यास पाणी आहे. अशा वेळी केवळ तेल बदलून नौका पुन्हा पाण्यात नेणे हे दुखणे झाकण्यासारखे आहे. प्रथम शीतक, सील व तळातील पाण्याची पातळी तपासून पाणी कोठून आले ते शोधावे. दोष दूर केल्यावर नवे तेल भरून थोडा वेळ इंजिन चालवावे, ते काढून पुन्हा भरावे आणि तेल स्वच्छ निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा.

आऊटबोर्ड असलेल्या बचाव नौका

आऊटबोर्डची गिअरपेटी पंख्याजवळ, सदैव पाण्याखाली असते. तिच्यासाठी निर्मात्याने सांगितलेले विशेष गिअर ऑईल वापरावे. तेल बदलताना इंजिन उभे ठेवावे. खालचा व वरचा असे दोन्ही स्क्रू काढून जुने तेल पूर्ण निथळू द्यावे. नवे तेल खालच्या छिद्रातून वर चढवावे, म्हणजे आतील हवा वरच्या छिद्रातून बाहेर पडते. वरून तेल दिसू लागले की प्रथम वरचा स्क्रू बसवावा, मग नळी काढून खालचा त्वरेने बसवावा. वरून तेल ओतल्यास आत हवा अडकून पेटी अर्धवट भरते. वायसर प्रत्येक वेळी नवे घालावेत. साधारणतः पहिल्या २० तासांनी व पुढे दर १०० तासांनी, आणि वर्षातून किमान एकदा, हा बदल करावा.

आपल्या जलाशयांत नायलॉनची जाळी मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. तुटलेल्या जाळ्याचा धागा पंख्याच्या दांड्याला गुंडाळला गेला तर तो हळूहळू सील कापतो व पाण्याला वाट करून देतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर पंख्यामागे पाहून धागे काढण्याची सवय ठेवावी आणि तेल बदलताना पंखा उतरवून दांडा तपासावा.

वापरलेले तेल : पाण्याशी असलेले उत्तरदायित्व

मुळा धरणाचे पाणी शेतीबरोबरच अहिल्यानगर शहराची तहान भागविते. इतर जलाशयांवरही अनेक गावांच्या पाणीपुरवठा योजना अवलंबून आहेत. लहान गिअरपेटीत जेमतेम लिटरभर तेल असते. तेवढ्याने एवढ्या मोठ्या जलाशयाचे काय बिघडणार, असे कोणी म्हणेल. हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक लिटर तेल पाण्यावर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या जाडीने पसरले तर ते एक हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे दहा गुंठे पृष्ठभाग व्यापते. प्रत्यक्षात इंद्रधनुषी रंग दाखविणारा तवंग याहूनही पातळ असू शकतो. वारा हा तवंग काठाकडे लोटतो. माशांची अंडी व पिले जेथे वाढतात, जनावरे जेथे पाणी पितात आणि स्त्रिया जेथे घागरी भरतात, तो हाच काठ होय.

वापरलेले तेल जलाशयात, ओढ्यात वा जमिनीवर ओतणे हा केवळ अस्वच्छतेचा प्रश्न नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये प्रदूषक पदार्थ प्रवाहात सोडण्यास मनाई आहे. घातक कचऱ्याच्या व्यवस्थापनासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेल्या तेलाची विल्हेवाट अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांमार्फतच व्हावयास हवी. व्यवहारात यासाठी फार काही करावे लागत नाही. जुने तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर ‘वापरलेले तेल’ असे लिहावे, त्यात पाणी, डिझेल वा रंग मिसळू नये, आणि पुरेसे साठल्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मान्यतेच्या केंद्राकडे पोहोचवावे. ट्रॅक्टर व मोटारींची दुरुस्ती करणाऱ्या गावोगावच्या कार्यशाळांतही असे तेल साठते. त्यांच्याशी जोडून घेतल्यास वाहतूक एकत्र करता येईल. तेलाने भिजलेल्या चिंध्या व फिल्टरही काठावर टाकू नयेत. ते वेगळ्या पिशवीत जमा करावेत. भिजलेल्या चिंध्या उघड्यावर जाळण्याचा मोहही टाळावा.

कोणी काय करावे

यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी व चालकांची पात्रता यांसंबंधी संसदेने २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान अधिनियम संमत केला असून त्याने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली आहे. परंतु कायद्यानुसार होणारी तपासणी ठराविक दिवशी होते, नौका मात्र इतर सर्व दिवशीही चालते. त्या दिवसांची जबाबदारी स्थानिक यंत्रणेने उचलली पाहिजे.

नौका ज्यांच्या ताब्यात आहेत त्या कार्यालयांच्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक नौकेसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवावी, तेल व फिल्टर यांची खरेदी एप्रिलमध्येच मार्गी लावावी आणि मेअखेर नौका पाण्यात उतरवून पुढे-मागे चालवून पाहावी. छपराखाली सुरू होणारे इंजिन पाण्यात भार पडल्यावर कसे वागते, हे प्रत्यक्ष चाचणीवाचून कळत नाही.

काठावरील ग्रामपंचायतींनी नौका लागतात त्या ठिकाणी झाकणबंद पिंप ठेवून वापरलेल्या तेलाच्या संकलनाची व्यवस्था करावी. प्रवासी नौकांना परवानगी वा जागा देण्याच्या प्रश्नात पंचायतीचा संबंध येत असेल, तेथे देखभालीची नोंदवही दाखविण्याची अट घालण्यास हरकत नसावी. मच्छिमार सहकारी संस्थांना एक हातपंप व मापाची भांडी सामाईक ठेवता येतील. प्रत्येकाने ती विकत घेण्याचे कारण नाही.

शिक्षकांच्या हाती तर या विषयाचे सर्वात सोपे प्रात्यक्षिक आहे. काचेच्या बाटलीत थोडे तेल व पाणी घेऊन जोराने हलवावे, म्हणजे पाणी शिरलेल्या गिअरपेटीतील दुधाळ तेल कसे दिसते हे विद्यार्थ्यांना कळेल. परातीतील पाण्यावर सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब सोडला की तवंग किती दूर पसरतो तेही दिसेल. जलाशयाकाठच्या शाळांतील मुलांचे वडील वा भाऊ अनेकदा नावाडी किंवा मच्छिमार असतात. वर्गातील हा प्रयोग घरापर्यंत पोहोचल्याशिवाय राहणार नाही.

या जिल्ह्याने थेंबाथेंबाचे मोल जाणले आहे. पाण्यासाठी धरणे बांधली, गावे उठली आणि दूरच्या शिवारांत पाट पोहोचले. त्या पाण्यावर चालणारी नौका संकटसमयी वेळेवर वळली पाहिजे आणि तिच्यामुळे ते पाणी मलीन होता कामा नये. लिटर-दोन लिटर नवे तेल, एक हातपंप, एक नोंदवही आणि जुने तेल काठावर परत आणण्याची शिस्त एवढ्यावर ही दोन्ही उद्दिष्टे साधता येतात. येत्या मे महिन्यात आपल्या गावच्या, आपल्या कार्यालयाच्या नौकेची डिपस्टिक एकदा काढून पाहावी आणि त्या दिवसाचा दिनांक नोंदवहीच्या पहिल्या ओळीवर लिहावा.